पिशवी नसलेला पट्टा

बॅगेची आधी चेन गेली,
मग तळाची शिवण, मग कंपनी.
बावीस वर्षं सांगली-मिरज रोडवर
औषधांचे नमुने वाहिलेली ती काळी बॅग
भंगारवाल्यानं हातसुद्धा न लावता
पायानंच सरकवली कोपऱ्यात.
पट्टा तेवढा ह्यांनी काढून घेतला.
दोन्ही टोकांना आकडे.
अंगठ्यानं जीभ मागं ओढायची, सोडायची :
टच्.
मी म्हटलं, कशाला हो?
म्हणाले, असू दे, लागंल.

पहिल्यांदा लागला दुधाच्या किटलीला.
तिची कडी कधीच निखळली होती,
दोन कानांत दोन आकडे अडकवले
आणि खणभागातून डेअरीपर्यंत
हे निघाले खांद्याला किटली लावून,
डॉक्टरांना भेटायला निघाल्यासारखे,
भांग पाडून.

मग त्याला उसंतच नाही.
स्कूटरला हेल्मेट, खिडकीच्या गजाला छत्री,
वीज गेली की स्वयंपाकघरात ओट्यावर लोंबती बॅटरी
(तिच्या उजेडात भाकरी
एका बाजूनं नेहमी करपते).
तासगावच्या नणंदेनं पाठवलेला बेदाण्याचा बॉक्स
तीन जिने चढला ह्याच्याच जिवावर.
शेजारच्या ऊर्मिलानं एकदा शेळी बांधायला नेला.
शेळीनं चावून पाहिला, सोडून दिला.
मिरजेच्या बशीरभाईंनी
तंबोऱ्याचा भोपळा टांगायला नेला, रंग वाळेपर्यंत,
म्हणून सांगितलं चार दिवस,
आणला पावणेदोन महिन्यांनी.
मधोमध लाखेचा एक तांबडा ठिपका.
तो घासून निघाला नाही,
मी फार घासलाही नाही.

पाणी आलं त्या वर्षी
घराची कागदं, पॉलिसी, पोरीची सर्टिफिकिटं
प्लास्टिकच्या पिशवीत घालून
ह्यांनी पंख्याच्या हुकाला टांगली.
पाणी स्विचबोर्डापर्यंत चढलं
आणि तिथं थांबलं.
कागदं कोरडी राहिली.
लग्नाचा अल्बम खालच्या कप्प्यात होता.
त्याचं नाव आम्ही दोघंही काढत नाही.

पोरे टेलर ह्यांचं माप घेताना
न विचारता लिहितात :
उजवा खांदा, अर्धा इंच खाली.

गेल्या माघात नळाजवळ पाय घसरला.
किटली वाचवायला गेले, हात मोडला.
रिक्षा येईपर्यंत ऊर्मिलानंच
पट्टा मानेमागून घेतला, कोपराखाली ओढणी,
आणि दोन्हीकडं
टच्, टच्.
असे बसले हे आडमुठे डॉक्टरांच्या बाकावर.
त्याच बाकावर.
दोन मिनिटांसाठी दोन-दोन तास
जिथं बॅग मांडीवर घेऊन बसायचे,
पेशंट संपेपर्यंत.
ह्या वेळी नंबर लवकर लागला.

डॉक्टर झोळी बघून म्हणाले, बांधलंय झकास.
मग चष्म्यावरून बघत,
तोंड ओळखीचं वाटतंय तुमचं.
हे म्हणाले,
साहेब, ह्या पट्ट्याला बॅग होती.

डॉक्टर क्षणभर थांबले.
काय आठवलं, आठवलं की नाही,
मला कळलं नाही.
त्यांनी एक्स-रे उजेडाला धरला
आणि फी घेतली नाही.
रिक्षात हे एकदाच बोलले :
घ्यायला हवी होती.

आता दवाखान्याची निळी झोळी आहे,
पट्टा मोकळा झालाय.
रोज सकाळी मी तो खुंटीवरनं काढते,
किटलीला लावते,
माझ्या खांद्याला तो लांब पडतो.
बकलातून चार बोटं आत घेतला
तरी किटली गुडघ्यावर आपटते.
दारातून हे ओरडतात,
आणखी दोन बोटं, अगं, आणखी दोन!
मी ऐकलं न ऐकलं करते.
एवढं बरं झालं की
घेतलेली बोटं परत सोडायला सोपं जाईल.