बर्वे

चर्च स्ट्रेटनमधून एक रस्ता निघतो
आणि निघताक्षणीच चढतो.
पाटीवरचं त्याचं इंग्रजी नाव
मी पहिल्या दिवशी 'बर्वे' असं वाचलं.
तेच राहिलं.

आता शनिवारी पहाटे कल्याणीसुद्धा विचारते,
"बर्वे ओले आहेत की कोरडे?"
मी पडदा सारून सांगतो,
"डोक्याला ढग गुंडाळून बसलेत.
लवकर उठायची चिन्हं नाहीत."

सुरुवातीला बर्वे गोड बोलतात.
बंगले, गुलाब,
दुधाच्या बाटल्या आत घेणारी गाऊनमधली बाई.
मग मेंढ्यांना अडवणारी लोखंडी जाळी,
खडखडखड, दातांच्या सिमेंटसकट सगळं हलतं,
आणि तिथून पुढे कळतं
बर्वे गणित शिकवायचे.

वीस टक्के.
आकड्यात काही समजत नाही ते.
पुढचं चाक उगाच हलकं होतं,
नाकावरचा घाम हँडलवर टपकतो,
शेवटचा गिअर कधीच संपलेला असतो
तरी बोट खटका दाबत राहतं,
रिकाम्या डब्यात हात घालून बघावा तसं.
एक मेंढी रवंथ करत माझ्याकडे बघते.
तिच्यापेक्षा माझा वेग जास्त आहे
असं मी छातीठोक सांगू शकत नाही.

माथ्यावर इड्रिस प्यू गवतात पाय पसरून बसलेला,
शेजारी त्याची निळी पोलादी सायकल,
ओठ विनबेरींनी जांभळे.
(करवंदाची लांबची, भित्री बहीण म्हणा.)
एकतीस वर्षं त्याने या डोंगराभोवती टपाल वाटलं.
आता खुब्यात धातूचा सांधा आहे.
चढ बंद.
नेरिस, त्याची लेक, त्याला व्हॅनमधून वर आणून सोडते
आणि मागे न बघता निघून जाते,
कारण बघितलं तर ती त्याला परत घेऊन जाईल.

आमची ओळख माझ्या दवाखान्यातली.
त्याच्या दोन्ही कानांतली यंत्रं मीच बसवली,
बारीक आवाज, मधले आवाज,
लेकीचा फोनवरचा आवाज, सगळं जुळवून दिलं.
उताराआधी तो ती काढतो,
पेपरमिंटच्या डबीत ठेवतो, डबी खिशात.
वाऱ्यात नुसतं भुंकतात म्हणतो.

"चढ तू आणलास," तो म्हणतो, "उतार माझा."

जाताना दरी रस्त्यापलीकडे होती.
येताना ती माझ्या कोपराला चिकटून चालते.
कठडा नाही.
खाली ओढ्याकाठी कुणाची तरी लाल छत्री,
टाचणीच्या डोक्याएवढी.
पहिल्या वर्षी मी सगळा उतार ब्रेक आवळून केला होता,
घरी पोचल्यावर मुठी उघडेनात,
कल्याणीने एकेक बोट सोडवलं.
तेव्हा इड्रिस म्हणाला होता,
ब्रेक वळणाआधी. वळणात नाही.
वळणात फक्त बघायचं, जिकडे जायचं तिकडे.
दरीकडे बघितलंस तर तीही बघेल.

म्हणून मी त्याच्या पाठीकडे बघतो.
पिवळं जाकीट फुगलेलं,
एकाहत्तर वर्षांचा माणूस डावीकडे कलतो
आणि रस्ता त्याच्याखाली वळतो, उलट नाही.
मी कलतो.
वारा डोळ्यांतून पाणी काढून कानांत भरतो.
घड्याळातला वेग बघायचा नाही असं ठरवलेलं,
बघतो,
बघायला नको होता.

जाळी. सरळ, सरळ, हात सैल...
खडखडखड.
गुलाब. बंगला. बाई नाही, रिकाम्या बाटल्या.

खाली बेकरीसमोर तो पाय टेकतो,
डबी उघडून आधी डावा कान घालतो, मग उजवा,
मान हलवून बसल्याची खात्री करतो.
"मघाशी वर काही म्हणालास का?"

माथ्यापासून जाळीपर्यंत मी ओरडत होतो.
मराठीत. काही शब्द आईला न सांगण्यासारखे.

"मी नाही," म्हणालो. "बर्वे."

त्याला ते अगदी बरोबर ऐकू आलं.