योग्य चौकोनात खूण करा

सहा आठवड्यांनी टपालाने पाकीट आलं.
परतीचं तिकीट आधीच चिकटवलेलं,
म्हणजे मला सबब उरू नये.
वर बाबांचं नाव, आन्सेल्ममधला ल गाळून.
ते असते तर तेवढ्यावरूनच
चुलीत गेलं असतं.

सत्तेचाळीस प्रश्न. गडद शाईच वापरावी.
घरात सापडते ती त्यांची पेन्सिल,
शेवंडींच्या पिंजऱ्यांचा हिशेब मांडायची,
मागून दातांनी चावलेली.
ती चालणार नाही.
शेजारच्या ओदिलकडे पेन मागायला गेले,
तिने पेनाबरोबर अर्धा पावही दिला.
लोक अजून मला खायला देतातच.

प्रश्न चार. वेदनेवर पुरेसा उपचार झाला का?
नेहमी, बहुतेकदा, कधीकधी, कधीच नाही.
शनिवार कुठे लिहू?
त्या शनिवारी बदलीवर आलेला पोरगा
आकडा चुकला, औषध निम्मंच दिलं,
आणि बाबा रात्रभर चादरीला गाठी मारत राहिले,
बोटीवरच्या गाठी, पक्क्या, एकही सैल नाही.
सकाळी मला त्या कात्रीने कापाव्या लागल्या.
सोमवारी संस्थेच्या मुख्य बाई स्वतः आल्या.
बूट दाराशी काढले, एका मोज्याला भोक.
म्हणाल्या, चूक आमची झाली.
मी पुढच्या ‘पण’ची वाट बघत उभी,
तो काही आला नाही.
यासाठी चौकोन शोधला. सापडला नाही.

प्रश्न नऊ. कर्मचारी आदराने वागले का?
जेर्मेन आल्या आल्या विचारायची,
आज वारा कुठला?
बाबा मान खिडकीकडे वळवायचे, वेळ घ्यायचे,
आणि सांगायचे, ईशान्येचा,
आज कुणी बोट काढू नये.
मग ती सुई टोचायची.
नेहमी. इथे हात अडला नाही.

प्रश्न सतरा.
गरज असताना मदत वेळेवर पोचली का?

फेब्रुवारी. बांधावरचा रस्ता बर्फाखाली.
पहाटे दोन चाळीसला मी फोन लावला,
तिसऱ्या घंटेला उचलला, माणसानेच.
निघालेच, जेर्मेन म्हणाली,
आणि फोन तसाच चालू ठेवला.
गाडीची काच पुसणाऱ्या दांड्यांचा आवाज,
मध्येच ती:
उशी जरा वर घे.
ओठ ओले कर.
श्वास मोजू नकोस, ल्युदिवीन, मोजू नकोस गं.
मी मोजत होते.
बर्फ ढकलणाऱ्या गाडीच्या मागे मागे
पाच वाजून दहा मिनिटांनी ती पोचली.
तोवर पाऊण तास होऊन गेला होता.

खोलीचं दार सताड उघडं.
तरी तिने चौकटीवर बोटाने दोनदा वाजवलं,
थांबली,
आणि म्हणाली, आन्सेल्म, मी जेर्मेन. आत येऊ?

पेन बराच वेळ सतरावर अडकून.
कुठल्याशा गावात कुणीतरी
स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून
हे आकडे बघत
आपल्या आईसाठी माणसं निवडत असेल.
त्याला मी काय सांगू?
खोटं सांगून त्याचा घात,
खरं सांगून तिचा.

शेवटी ‘नाही’वर खूण केली.
समासात लिहिलं, रस्ता बंद होता.
ते फारच कोरडं वाटलं, म्हणून खाली, दार वाजवलं.
ओदिल म्हणते, फॉर्म यंत्र वाचतं,
समास वाचत नाही.
मग काय, तरी खोडलं नाही.

शेवटच्या पानावर
आणखी काही सुचवायचं असल्यास तीन ओळी.
पहिलीवर: नावात ल राहिला आहे.
दुसरीवर: पंपाचा गजर जरा हळू ठेवा,
कुत्रा अजून त्या वेळेला
कॉटखाली जाऊन बसतो.
तिसरी ओळ तशीच ठेवून
पाकीट चिकटवलं.
डिंकाची चव जिभेवर रात्रीपर्यंत राहिली.