अस्तेय

बजाजनगरच्या बागेत पहाटे साडेपाचला
खोंडे सर सांगतात : अस्तेय.
म्हणजे न दिलेलं न घेणं.
आम्ही डोळे मिटून मान डोलावतो.
माझ्या मांडीखाली सतरंजी,
तिच्याखाली घडी केलेली रिकामी पिशवी.

परतताना मेश्रामांच्या कुंपणावरून
कण्हेरीची फांदी रोज अलगद ओढते.
देवासाठीच तर, जी.

आज सात तोडून झाली
आणि फाटकाशी मेश्रामबाई,
हातात पाण्याचा पाइप,
मे महिन्याचं ऊन सहालाच कपाळावर.
म्हणाल्या, "कळ्या राहू द्या बाप्पा,
वरची घ्या, उमललेली."
स्वतःच फांदी वाकवून धरली.

घरी देवापुढे अजून नुसतं हळदकुंकू.
ताटात नऊ फुलं.
दोन दिलेली.
कुठली दोन,
ओळखू येत नाही.