त्रेचाळीस

मे महिना. दुपारचे सव्वादोन.
पुणे रोडवरच्या या खोलीत एसी आहे तो यंत्रासाठी,
आम्ही आपले उरलेल्या गारव्यावर.

काचेच्या नळीत, दोन वॉल्व्हच्या पलीकडे
टायटॅनियम टेट्राक्लोराइड:
पाण्यासारखं नितळ, आणि पाण्याशीच वैर.
झाकण जरा सैल झालं की पांढरा धूर.
हवा लागली की ते, ते राहत नाही.

म्हणून आधी हवा काढायची.
पंप रात्रभर घुरघुरत होता.
मल्लिनाथ हत्तरकी खुर्चीतच झोपले,
एक कान पंपाकडे ठेवून.

सकाळी पडद्यावर आलं ते भलतंच.
अठरा. अठ्ठावीस. बत्तीस.
चाळीसवर आर्गॉनची बारीकशी काडी.
म्हणजे हेच, खिडकीबाहेरचं,
धूळ आणि साइझिंगच्या खळीचा वास वगळून उरलेलं.
आणि छत्तीस-अडतीस, तीनास एक:
पाहुणा उंबऱ्यावरच गेल्याची पावती.

सोलापूरची हवा इतकी नेटकी मांडलेली
मी जन्मात पाहिली नव्हती.

"गळायलंय," हत्तरकी म्हणाले. "कुठंतर गळायलंय बघा."

कुठं, ते आलेख सांगत नाही.
मग सिरिंजमध्ये अ‍ॅसिटोन,
एकेका जोडावर एकेक थेंब,
आणि नजर त्रेचाळीसवर:
थेंब आत शिरला तर तिथं रेघ उठणार.

पहिला जोड. नाही.
दुसरा. नाही.

नान्ना वार्पिंगला होते.
तुटलेला धागा असाच शोधायचे,
दोन-अडीच हजारांत,
डोळ्यांनी नव्हे, तळहात आडवा फिरवत.
कसं कळतं, मी विचारायची.
"चेय्यी चेप्तदी." हात सांगतो.
माझा हात मला काही सांगत नाही.
मला आकडे सांगतात,
आणि नान्नांचा त्यावर अजून पुरता विश्वास नाही.

तिसरा, चौथा, पाचवा.

सहाव्याला त्रेचाळीस उसळला.
उन्हाळ्यानं चिरलेली रबरी रिंग,
करंगळीत बसेल एवढी.
हत्तरकींनी ती शर्टाच्या खिशात ठेवली.
कशाला, मी विचारलं नाही.
व्हरांड्यातला थर्मामीटरही त्रेचाळीसच दाखवत होता.

रात्री साडेनऊला ते आलं.
आख्खं थोडंच.
इलेक्ट्रॉनचा मार बसतो, बहुतेक मोडतं,
आणि तुकड्यांची वजनं आपण वाचायची.
एकशे नव्वद: अजून उभं.
एकशे त्रेपन्न, एकशे पंचावन्न: एक क्लोरीन गमावलेली,
जवळजवळ एकाच उंचीची भावंडं.
एकशे अठरा.
त्र्याऐंशी.
अठ्ठेचाळीस: नुसता टायटॅनियम, अंगावर काही नाही.

कारखान्यामागच्या ढिगातली चिंधी उचलून
नान्ना सांगायचे, कुठल्या मागावरची, कोणाच्या हातची.
बोटभर चिंधी. मला ते फुशारकी वाटायचं.

अठ्ठावीस अजून थोडं शिल्लक होतंच.
"एवढं ऱ्हाणारच," हत्तरकी म्हणाले,
"खोली सोलापुरातच हाय की."

मी फाइलला नाव दिलं, तारीख टाकली,
सेव्ह म्हणायच्या आत लाइट गेली.
पंप खाली खाली उतरत गेला.
अंधारात मी वॉल्व्हकडे धावले,
तर त्यावर आधीच
त्यांचा हात होता.