तीन ठोके

माझी गिरणी न्खाता बेच्या उतारावर,
जिथे वाळत घातलेल्या उसिपा माशांचा वास
पिठाच्या वासाआधी येऊन बसतो.
एक डिझेलचं इंजिन, एक पट्टा, वर पत्रा.
सहा दिवस मी भुवयांपर्यंत पांढरा असतो.
रविवारी धुऊन पुन्हा काळा होतो
आणि देवळात शेवटून दुसऱ्या बाकावर बसतो.
उपदेश सुरू झाला की मला डुलकी लागते,
हे पाळकसाहेबांनाही ठाऊक आहे.

प्रार्थना मला जमत नाही.
शब्द सापडेपर्यंत
बाकीचे आमेन म्हणून मोकळे झालेले असतात.

सांगायचंय ते वेगळंच.
गिरणी खाते.
पट्टा थांबला तरी मूठभर पीठ
नळाच्या वाकणात अडकून राहतं.
बाप म्हणायचा, तो तिचा घास,
आणि ती आपली, म्हणजे घासही आपला.
वीस वर्षं मी संध्याकाळी तो झाडून घेतला,
आठवड्याला अर्धं पोतं भरायचं.
कुणाच्या पातेल्याला हात लावला नाही.
काटा सरळ, माप चोख.
मापात पाप नव्हतंच माझ्या,
पाप मापाच्या खाली
दोन वीत अंतरावर होतं.

मग तो फेब्रुवारी,
जुना मका संपलेला, नवा अजून हिरवा.
तावोंगा आली एक लहानसं पातेलं घेऊन.
तिनं मक्यात कोंडाही मिसळला होता, भर दिसावी म्हणून.
सोबत लिम्बानी, सहा वर्षांचा,
नळाच्या तोंडाशी वाकून बघत उभा.
पीठ पडलं. थांबलं. त्यानं पातेल्यात पाहिलं,
मग नळाकडे, मग माझ्याकडे,
आणि विचारलं, अगदी साधं,
काका, हिलाही भूक लागते का?

आई त्याला दटावून घेऊन गेली.
मी दिवा लावेपर्यंत तिथेच उभा होतो.

दुसऱ्या दिवशी लाकडी हातोडी आणली.
आता प्रत्येक दळणानंतर नळावर तीन ठोके:
एक वरून, एक वाकणाशी, एक अगदी तोंडापाशी.
शेवटची धूळही ज्याची त्याच्या पातेल्यात.
बायका हसतात. म्हणतात, म्पांदे म्हातारा झाला,
गिरणीला मारतो.
हसू देत.
आंब्याला टांगलेली चाकाची रिंग वाजते तेव्हा
सगळे म्हणतात, देवळाची घंटा झाली.
माझी दिवसातून साठ वेळा होते.

इथे थांबलो असतो तर बरा माणूस दिसलो असतो.

पण अलिनाफेही येते दळायला.
तिनंच वडीलमंडळींना सांगितलं होतं
की दानपेटीतले पैसे मी घेतले.
पैसे सापडले, खुर्चीच्या गादीखाली.
ती काही बोलली नाही. मीही नाही.
दोन वर्षं एकाच प्याल्यातून
प्रभुभोजन घेतो आम्ही,
मध्ये सात माणसं ठेवून.

तिच्या दळणाला मी दोनच ठोके मारायचो.
हात आपोआप थांबायचा.
म्हणजे आपोआप नव्हे. मीच थांबवायचो.
तोंडापाशी राहिलेलं ते चिमूटभर पीठ
मी विकलं नाही, खाल्लंही नाही,
कोंबड्यांना टाकलं.
एवढ्याशा सुडावर
माझं पोट भरत होतं.

तिच्या नावाचा अर्थ, तो आमच्यासोबत आहे.
आमच्या. दोघांच्या. हे लक्षात यायला
मला हा मंगळवार लागला.

पाऊस होता, गिरणीत तिसरं कुणी नव्हतं.
एक वरून. एक वाकणाशी.
हातोडी वर धरून मी किती वेळ उभा राहिलो
ते तिलाच विचारा.
मग मारला.

फार पीठ पडलं नाही, चमचाभर असेल.
तिनं पातेलं जरा पुढे सरकवून ते झेललं,
पैसे मोजून फळीवर ठेवले,
आणि दारात वळून म्हणाली,
तुझ्या भुवईला पीठ आहे.

मी म्हटलं, असू दे.
गुरुवारी यायचंय तिला, अर्धं पोतं घेऊन.
बघू, हात उचलतो का.