पोटमाळा

ऑक्टोबर सरत आला की थंडर बेमध्ये
सगळ्यांना एकदम जागा आठवते.
बर्फाच्या आत गाडी आत यायला हवी,
आणि गॅरेजमध्ये तर मी पसरलेली,
म्हणजे माझी एकोणतीस खोकी,
विनिपेगहून भाड्याच्या ट्रेलरवर आलेला संसार.
दोघांवर माझ्याच अक्षरात 'स्वयंपाकघर'.
कुठलं, ते लिहिलेलं नाही.

काउको म्हणाला, माळा घालू.
एवढंच. का आलीस, किती दिवस, काही नाही.
चौतीस वर्षं कागदाच्या गिरणीत काढलेला माणूस;
यंत्राच्या घरघरीत बोलून उपयोग नसतो,
ते तो घरीही पाळतो.

बोटाच्या पेरांनी भिंत ठोकत गेला,
कान लावून, डॉक्टर छाती ठोकतो तसा.
पोकळ. पोकळ. पोकळ. भरीव.
"इथे." फुली.
सोळा इंचांवर पुन्हा भरीव, पुन्हा फुली.
लाकूड सापडल्याशिवाय स्क्रू पिळायचा नाही.
नुसत्या गिलाव्यावर वजन टांगलं की काय होतं
ते मला विचारा.

मग उंची ठरवायची वेळ आली.
"उभी राहा. पाठ भिंतीला. टाचा टेकव."
कानामागची चपटी पेन्सिल काढली
आणि माझ्या डोक्यावर आडवी धरली.

मी अकरा वर्षांची होते, हा आमच्या घरी आला तेव्हा.
स्वयंपाकघराच्या चौकटीवर माझ्या वाढीच्या रेघा
आधीच होत्या, तारखांसकट,
दुसऱ्या माणसाच्या हातच्या,
दहाव्या वर्षाशी थांबलेल्या.
काउकोने ती चौकट दोनदा रंगवली.
दोन्ही वेळा ब्रश त्या रेघांच्या कडेकडेने,
झोपलेल्या कुणाला ओलांडावं तसा.
स्वतःची एक रेघ मात्र कधी घातली नाही.
मी वाढत राहिले, बिननोंदीची.

आज त्रेचाळिसाव्या वर्षी
खर्रकन एक रेघ.
तिच्यावर चार बोटं सोडून दुसरी.
"खालून जाताना वाकायला नको."
"तुला लागेल की वाकायला."
"मला सवय आहे."

दोन दिवस करवत. भुसा आईच्या कॉफीत,
वेलदोड्याच्या पावावर, माझ्या पापण्यांत.
तुळई, आडवे वासे, कोपऱ्यात लोखंडी पट्ट्या.
पाणसळीतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत
आम्ही दोघं श्वास धरून,
आणि आई दारातून: "डावीकडे कललंय!"
कललं नव्हतं.

रविवारी शेवटची फळी बसली.
"वर चढ. नाच," म्हणाला.
मी नाचले. मोज्यांवर. चार पावलं.
काही हललं नाही.
मग त्याने ऐटीत गाडी उलटी आत घेतली,
मागचं दार उघडलं, आणि
ठाण्.

सगळं मोजलं होतं. फळीची जाडी, शटरचा रूळ,
आईच्या बरण्यांच्या पेटीची उंची.
उघडलेलं दार तेवढं राहून गेलं.
आई हसता हसता खाली बसली, टायरवरच.
काउको अंगठ्याने ओरखडा चोळत राहिला,
चोळून जाणार नव्हता तरी.

"अर्धा फूट वर घेऊ," मी म्हणाले. "फार काम नाही."
"नको. गाडी तोंड आत करून लावू."
"पण स्क्रू काढून..."
"उंची बरोबर आहे."

सत्तावीस खोकी वर गेली.
दोन खाली ठेवली; एक तर उघडलंच,
पिठाची चाळणी हवी होती.

रात्री दिवा मालवायला गेले तेव्हा
माळ्याखाली पाहिलं, त्या खालच्या रेघेशी.
तारीख होती.
पाच फूट चार इंच.
आणि गिरणीच्या वहीतल्या जुन्या सवयीने, शेवटी:
'तपासले. का. नी.'