काटोल नाका

एकतीस वर्षं काटोल नाक्यावर
ट्रक थांबवले मी.
काचेच्या फटीतून हात बाहेर,
हातावर कागद, कागदाखाली नोट.
नरखेडची गाडी असली की दोन डझन संत्रीही,
टेबलाखाली, न मोजता.

जकात उठली. नाक्यावर आता चहाची टपरी.
डायरी मात्र ठेवली होती मी,
तारीखवार, गाडी नंबरासकट.
रात्री बेरीज करायचो, व्याज लावायचो,
दर वेळी आकडा वेगळा.

मागच्या शनिवारी सदरला गेलो,
सुवार्ता तिडके पाळकबाईंपुढे ठेवली ती.
म्हटलं, सगळं यात आहे. किती भरू?
त्यांचं लक्ष शेगडीवरच्या दुधाकडे.
"काहून उघडू मी हे, दादा?
भरणाऱ्यानं भरलं कधीचंच, क्रुसावर."
आणि लंगड्या टेबलाच्या पायाखाली
डायरी सरकवून दिली.
टेबल डुगडुगायचं थांबलं.

राग आला, खोटं कशाला बोलू.
इतकी वर्षं जपलेला हिशेब!
निदान पावती द्या, म्हटलं.
तेवढ्यात दूध उतू गेलं.

रविवारी प्रभुभोजनाच्या रांगेत होतो.
डावा हात सवयीनं खिशात, सुटे पैसे चाचपत;
उजवा पुढे,
काचेतून काढायचो अगदी तसाच,
बोटं जराशी वाकलेली.
बाईंनी त्यावर भाकरीचा तुकडा ठेवला.

खाली काही नव्हतं.
मी दोनदा पाहिलं.